कोळशाच्या खाणीतून लिस्बनला : जॉक स्टीन

आपल्या वार्षिकात दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचा जीवनपट असतो. संत, समाजसुधारक, शास्त्रज्ञ, साहित्यिक यांच्यावर आजवर पुष्कळ लिहून झाले आहे आणि पुढेही होईल. यंदा मी ज्याच्याविषयी लिहिणार आहे, तो यांपैकी कुणीच नव्हता. त्याने ग्रंथ लिहिला नाही, चळवळ उभारली नाही, शोध लावला नाही. तो स्कॉटलंडमधला एक खाणकामगार होता. पुढे तो बेताचा फुटबॉलपटू झाला आणि त्यानंतर असा प्रशिक्षक झाला की युरोपातल्या फुटबॉलचा इतिहास लिहिताना त्याचे नाव वगळून पुढे जाताच येत नाही. त्याचे नाव जॉक स्टीन. जन्म ५ ऑक्टोबर १९२२, मृत्यू १० सप्टेंबर १९८५.

हा माणूस मला जवळचा वाटतो याला एक साधे कारण आहे. आपल्या महाविद्यालयाचा फुटबॉल संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला जातो, ती स्पर्धा बाद पद्धतीची असते. पहाटे एस.टी. पकडायची, दुपारी हरायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचे, हा अनुभव संघातल्या इतरांप्रमाणे मीही घेतला आहे. वर्षभराची मेहनत तासा-दीड तासात संपते. साखळी पद्धतीत आज हरलो तर उद्या भरून काढता येते; बाद पद्धतीत 'उद्या' नावाची गोष्टच नसते. अशा वेळी संघ भ्यायला लागतो. गोल करण्यापेक्षा गोल होऊ न देणे महत्त्वाचे वाटू लागते. या भीतीचे काय करायचे, हा बाद फेरीतला खरा प्रश्न आहे. स्टीनने आपल्या परीने त्याचे उत्तर शोधले. म्हणून त्याच्या आयुष्याची ही ओळख.

प्रथम त्या स्पर्धेविषयी थोडेसे. १९५५ साली फ्रान्समधील लेकिप या क्रीडा-दैनिकाच्या पुढाकाराने युरोपियन चषक स्पर्धा सुरू झाली. ही कल्पना मुख्यतः गाब्रिएल आनो या पत्रकाराची. प्रत्येक देशाच्या विजेत्या क्लबांनी एकमेकांशी खेळावे आणि त्यातून युरोपचा विजेता ठरावा, असा तिचा हेतू. १९९२ पासून ही स्पर्धा चॅम्पियन्स लीग या नावाने ओळखली जाते. आज तिच्यात आधी साखळी सामने होतात आणि मग बाद फेऱ्या सुरू होतात. स्टीनच्या काळी मात्र पहिल्या फेरीपासूनच बाद पद्धत होती. प्रत्येक फेरीत दोन सामने : एक स्वतःच्या मैदानावर, दुसरा प्रतिपक्षाच्या. दोन्ही सामन्यांतल्या गोलांची बेरीज करायची. ज्याची बेरीज जास्त तो पुढे, दुसरा घरी. अंतिम सामना तेवढा एकच. बेरीज सारखी झाली तर सुरुवातीच्या वर्षांत तटस्थ मैदानावर तिसरा सामना होई; पुढे काही वर्षे चक्क नाणे उडवून निकाल लावीत. हे नाणे पुढे आपल्या कथेत येणारच आहे.

स्टीनचा जन्म ग्लासगो शहराजवळच्या लानार्कशर परगण्यातील बर्नबँक या वस्तीत झाला. हा सारा मुलूख कोळशाच्या खाणींचा. जवळच्याच ब्लँटायर येथे १८७७ साली खाणीत स्फोट होऊन दोनशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले होते. तिथल्या घराघरांत ही आठवण पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली. स्टीनचे वडीलही खाणकामगार. शाळा सुटल्यावर जॉकने काही दिवस गालिच्याच्या कारखान्यात काम केले आणि मग तोही खाणीत उतरला. दुसरे महायुद्ध सुरू झाले तरी त्याला सैन्यात जावे लागले नाही, कारण कोळसा काढणे हेच देशाच्या दृष्टीने आवश्यक काम होते. आठवडाभर खाण आणि शनिवारी दुपारी फुटबॉल, असे त्याचे तारुण्य गेले.

खाणीने त्याला काय दिले, याबद्दल तो पुढे अनेकदा बोलत असे. जमिनीखाली सारेच काळे झालेले असतात. तिथे शेजारच्या माणसाचा पंथ कोणता, त्याचे घराणे कोणते, हे कुणी विचारत नाही. त्याने आधाराचा खांब नीट लावला आहे की नाही, एवढेच महत्त्वाचे असते. त्याच्या हातून चूक झाली तर आपला जीव जाणार आणि आपल्या हातून झाली तर त्याचा. हे शिक्षण कोणत्याही विद्यापीठात मिळत नाही. स्टीनच्या साऱ्या कर्तृत्वाचा पाया मला इथे दिसतो. मँचेस्टर युनायटेडचे मॅट बझ्बी आणि लिव्हरपूलचे बिल शँकली हे त्या काळचे दोन थोर प्रशिक्षकही स्कॉटलंडच्या खाणवस्त्यांतूनच वर आले होते, हा निव्वळ योगायोग नसावा.

खेळाडू म्हणून स्टीन असामान्य नव्हता. १९४२ पासून आठ वर्षे तो अल्बियन रोव्हर्स या लहानशा क्लबकडून मधल्या फळीत बचावाचे काम करीत राहिला. उंच, धिप्पाड, हवेतला चेंडू डोक्याने परतवण्यात तरबेज. पण पायांत जादू नव्हती. १९५० साली वेल्समधील लानेली येथील क्लबने त्याला पूर्णवेळ खेळाडू म्हणून बोलावले आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तो खाणीतून बाहेर पडला. परंतु तो तिकडे असताना इकडे त्याच्या घरात दोनदा चोरी झाली. पत्नी जीन हिला परत जावेसे वाटू लागले. पुन्हा खाणीत जाण्याचा विचार पक्का होत आला होता. अशा वेळी, डिसेंबर १९५१ मध्ये, ग्लासगोच्या सेल्टिक क्लबकडून बोलावणे आले. तिथल्या जिमी ग्रिबन नावाच्या जुन्या प्रशिक्षकाला त्याची आठवण झाली होती. बोलावणे मोठेपणाचे नव्हते. दुय्यम संघात खेळावे आणि तरुण मुलांना चार गोष्टी शिकवाव्यात, एवढीच अपेक्षा होती.

पण मुख्य संघातले बचावपटू एकामागून एक जायबंदी झाले, स्टीनला संधी मिळाली आणि ती त्याने सोडली नाही. लवकरच तो कर्णधार झाला. त्याच्या नेतृत्वाखाली सेल्टिकने १९५३ साली राज्याभिषेक चषक जिंकला आणि १९५४ साली स्कॉटलंडची साखळी स्पर्धा व स्कॉटिश चषक ही दोन्ही विजेतेपदे एकाच हंगामात मिळवली. पुढच्याच वर्षी घोट्याला मोठी दुखापत झाली आणि त्याचा खेळ संपल्यात जमा झाला. त्या पायाने तो पुढे जन्मभर किंचित लंगडत चालत असे.

इथे सेल्टिकविषयी थोडे सांगायला हवे, नाहीतर पुढच्या गोष्टीचे मोल कळणार नाही. आयर्लंडमधून पोट भरायला ग्लासगोत आलेल्या गरीब कॅथलिक लोकांच्या मदतीसाठी, ब्रदर वॉलफ्रिड या धर्मसेवकाच्या प्रेरणेने, १८८७ साली हा क्लब स्थापन झाला. त्याच शहरातला रेंजर्स हा क्लब प्रॉटेस्टंटांचा मानला जाई. या दोन संघांच्या सामन्यांत खेळापेक्षा पंथाचे वैर जास्त उसळे. सेल्टिकने मात्र खेळाडू घेताना पंथाची अट कधी घातली नाही. आपल्या वाचकांना कौतुक वाटेल अशी एक गोष्ट : कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा महंमद सलीम १९३६ साली या क्लबकडून, बूट न घालता नुसत्या पट्ट्या बांधलेल्या पायांनी, दोन सामने खेळला होता. पण खेळाडू वेगळा आणि सूत्रधार वेगळा. स्टीन प्रॉटेस्टंट कुटुंबातला होता आणि ज्या वस्तीत तो वाढला तिचा ओढा रेंजर्सकडे होता. तो सेल्टिकचा सदरा घालून खेळू लागला तेव्हा काही जुन्या स्नेह्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. त्याने त्याबद्दल गाजावाजा केला नाही, पण ते सल त्याच्या मनातून गेलेही नाही.

१९५७ पासून तो सेल्टिकच्या राखीव संघाला शिकवू लागला. बिली मॅकनीलसारखी कोवळी पोरे याच काळात त्याच्या हाताखाली तयार झाली. तरीही आपल्यासारखा प्रॉटेस्टंट या क्लबचा मुख्य प्रशिक्षक कधी होणार नाही, अशी त्याची समजूत झाली होती असे सांगतात. मार्च १९६० मध्ये तो डनफर्मलिन या क्लबकडे गेला. हा क्लबही फाइफ परगण्यातला, म्हणजे पुन्हा खाणींच्याच मुलखातला. संघ वरच्या श्रेणीतून खाली घसरण्याच्या बेतात होता. स्टीन आला आणि संघाने लागोपाठ सहा सामने जिंकून आपली जागा राखली. दुसऱ्याच वर्षी याच संघाने स्कॉटिश चषकाच्या अंतिम फेरीत धडक मारली. समोर होता सेल्टिक! पहिला सामना बरोबरीत सुटला आणि दुसरा डनफर्मलिनने २-० असा जिंकला. ज्या क्लबने त्याला जाऊ दिले होते, त्याच क्लबला त्याने हरवले.

युरोपच्या बाद फेऱ्यांची चव त्याने याच क्लबबरोबर चाखली. १९६२-६३ च्या हंगामात, युरोपातल्याच दुसऱ्या एका स्पर्धेत, डनफर्मलिनची गाठ स्पेनच्या व्हॅलेन्सिया संघाशी पडली. व्हॅलेन्सियात ४-० असा पराभव झाला. सर्वांनी आशा सोडली. परतीच्या सामन्यात मात्र डनफर्मलिनने ६-२ असा विजय मिळवला! गोलांची बेरीज सारखी झाली. मग तिसरा सामना तटस्थ मैदानावर, पोर्तुगालच्या लिस्बन शहरात झाला आणि तो डनफर्मलिनने १-० असा गमावला. लिस्बन हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. स्टीनच्या आयुष्यात ते आणखी दोनदा येणार आहे.

त्या काळी युरोपात दबदबा होता तो इटलीतल्या इंटर मिलान संघाचा आणि त्याचा प्रशिक्षक हेलेनियो हेरेरा याचा. त्यांच्या खेळाला इटालियन भाषेत 'कातेनाच्चो' म्हणत. अर्थ दाराचा अडसर. आधी आपले दार बंद करायचे. बचावाची भक्कम भिंत उभारायची, तिच्यामागे आणखी एक मोकळा बचावपटू ठेवायचा, एखादा गोल मिळाला की उरलेला वेळ तो सांभाळत बसायचे. बाद पद्धतीसाठी याहून सोयीचा मार्ग नाही. १९६३ साली स्टीन मुद्दाम मिलानला गेला आणि हेरेराची शिकवण्याची पद्धत त्याने जवळून पाहिली. खेळाडूंची शिस्त, आहार, सामन्याची पूर्वतयारी यांतले पुष्कळ त्याने उचलले. अडसर तेवढा तिथेच ठेवून तो परत आला. आदर ठेवावा पण आंधळे अनुकरण करू नये, हा गुण आपण विद्यार्थ्यांनी घेण्याजोगा आहे.

१९६४ साली तो हायबर्नियन या क्लबकडे गेला आणि मार्च १९६५ मध्ये अखेर सेल्टिककडे परत आला, मुख्य प्रशिक्षक म्हणून. त्या पदावर येणारा तो पहिला प्रॉटेस्टंट. तोपर्यंत संघनिवडीत क्लबच्या अध्यक्षांचा शब्द अखेरचा असे. संघ मी निवडेन, त्यात कुणी हात घालू नये, अशी त्याची अट होती आणि ती मान्य झाली. बंद खोलीत बसून हुकूम सोडणाऱ्या व्यवस्थापकांचा तो काळ. स्टीन मात्र खेळाचे कपडे घालून स्वतः मैदानात उतरे. नुसते पळवत ठेवण्याऐवजी चेंडू देऊन सराव घेई. प्रत्येक खेळाडूचा स्वभाव त्याला ठाऊक असे. कुणाला रागवायचे, कुणाला गोंजारायचे, कुणाला एकटे सोडायचे, याचा त्याचा अंदाज क्वचितच चुके. तो स्वतः दारूला शिवत नसे आणि खेळाडूंवर त्याची करडी नजर असे. आल्यावर काही आठवड्यांतच, एप्रिल १९६५ मध्ये, सेल्टिकने स्कॉटिश चषक जिंकला. तोही डनफर्मलिनला ३-२ असे हरवून! पुढच्या वर्षी साखळी विजेतेपद आले आणि युरोपियन चषकाचे दार उघडले.

१९६६-६७ च्या त्या मोहिमेकडे आता वळू. पहिल्या फेरीत स्वित्झर्लंडचा झुरिच, दुसऱ्या फेरीत फ्रान्सचा नाँत हे संघ सेल्टिकने चारही सामने जिंकून बाद केले. खरी कसोटी लागली उपांत्यपूर्व फेरीत. युगोस्लाव्हियातल्या नोव्ही साद येथील व्होइव्होदिना संघाने आपल्या मैदानावर १-० अशी आघाडी घेतली. ८ मार्च १९६७ रोजी ग्लासगोत परतीचा सामना झाला. उत्तरार्धात चाल्मर्सने बरोबरी साधली. घड्याळ पुढे सरकत होते, तिसऱ्या सामन्याची चिन्हे दिसू लागली होती. अगदी शेवटच्या मिनिटाला गॅलगरने कोपऱ्यातून चेंडू टाकला आणि कर्णधार मॅकनीलने उडी घेऊन तो डोक्याने जाळ्यात धाडला. एका मिनिटाचे हे अंतर. त्या मिनिटापर्यंत संघाने हल्ला चालू ठेवला होता म्हणूनच तो गोल झाला.

उपांत्य फेरीत चेकोस्लोव्हाकियाचा दुक्ला प्राग हा संघ होता. जोसेफ मासोपुस्त हा नामांकित खेळाडू त्यात होता. ग्लासगोत सेल्टिकने ३-१ असा विजय मिळवला. प्रागमधल्या परतीच्या सामन्यात मात्र स्टीनने सारा संघ बचावाला लावला. ०-० बरोबरी झाली आणि सेल्टिक अंतिम फेरीत पोहोचला. काम फत्ते झाले, परंतु स्टीन त्यावर खूष नव्हता. असा खेळ पुन्हा करायचा नाही, असे त्याने मनाशी ठरवले म्हणतात. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. भीती त्यालाही वाटली होती. अडसर घालण्याचा मोह त्यालाही आवरला नव्हता. निधड्या छातीची माणसे कधी भीतच नाहीत असे आपण समजतो, तसे नसते.

अंतिम सामना २५ मे १९६७ रोजी लिस्बनच्या राष्ट्रीय क्रीडांगणावर झाला. समोर इंटर मिलान आणि हेरेरा. १९६४ आणि १९६५ असे दोनदा युरोपचे विजेते. सेल्टिकच्या अकराही खेळाडूंचा जन्म ग्लासगोतल्या त्यांच्या मैदानापासून तीस मैलांच्या आत झालेला. गोलरक्षक रॉनी सिम्पसन छत्तीस वर्षांचा. स्टीन हायबर्नियनला असताना त्याला वयस्क समजून त्यानेच सेल्टिककडे जाऊ दिले होते आणि स्वतः सेल्टिकला आल्यावर त्याच सिम्पसनवर त्याने भिस्त ठेवली. उजव्या बाजूचा बचावपटू जिम क्रेग ग्लासगो विद्यापीठात दंतवैद्यकाचा अभ्यासक्रम केलेला. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघेही या संघात होते. पोर्तुगालच्या रणरणत्या उन्हात हे गोरेपान स्कॉटिश खेळाडू आणि सावळे, देखणे, नावाजलेले इटालियन खेळाडू समोरासमोर उभे राहिले.

सातव्याच मिनिटाला क्रेगने इंटरच्या काप्पेल्लिनीला पाडले असे पंचांनी ठरवले. पेनल्टी दिली गेली, माझ्झोलाने ती सत्कारणी लावली. इंटर १-०. अडसर पडला! जगातल्या दुसऱ्या कोणत्याही संघापेक्षा इंटरला एका गोलाची आघाडी सांभाळणे जास्त चांगले येत होते. इथे एखादा संघ बिथरला असता, किंवा आणखी गोल होऊ नये म्हणून मागे सरला असता. सेल्टिकने दोन्ही केले नाही. त्यांनी चढाईमागून चढाई केली. बचावपटूसुद्धा धावत पुढे येऊ लागले. चेंडू दोनदा आडव्या खांबावर आदळला. इंटरचा गोलरक्षक सार्ती याने त्या दिवशी जे चेंडू अडवले त्यांची चर्चा आजही होते.

मध्यंतरात स्टीनने क्रेगला बोल लावला नाही. ६३ व्या मिनिटाला त्याच क्रेगने उजवीकडून पुढे जाऊन चेंडू मध्यभागी सरकवला आणि डाव्या बाजूच्या जेमेल या बचावपटूने दुरून जबरदस्त फटका मारला. १-१. ज्याच्या हातून चूक घडली होती, त्याच्याच पायांतून बरोबरीचा चेंडू गेला. दोन्ही बाजूंचे बचावपटू प्रतिपक्षाच्या दारात येऊन गोल करतात, हे दृश्य अडसराच्या तत्त्वज्ञानाला दिलेले उत्तरच होते. शेवटची काही मिनिटे उरली असताना मर्डॉकच्या फटक्याला चाल्मर्सने वाटेत पाय लावला. २-१. युरोपियन चषक पहिल्यांदाच ब्रिटनमध्ये गेला. तोवरची अकरा वर्षे तो स्पेन, पोर्तुगाल आणि इटली या तीनच देशांत फिरत होता. त्या हंगामात सेल्टिकने भाग घेतलेली प्रत्येक स्पर्धा जिंकली होती.

चरित्रलेख इथे संपवला तर तो गोड होईल, पण खरा होणार नाही. बाद पद्धत कुणाचे लाड करीत नाही. पुढच्याच हंगामात युरोपचा हा विजेता पहिल्याच फेरीत कीव्हच्या डायनामोकडून हरून बाहेर पडला. त्यानंतरच्या वर्षी बेलग्रेडच्या रेड स्टारशी सामना होता. जिमी जॉनस्टन या बुटक्या, अवलिया खेळाडूला विमानाची भयंकर धास्ती. ग्लासगोतला सामना चार गोलांच्या फरकाने जिंकलात तर तुला परतीच्या सामन्याला विमानाने यावे लागणार नाही, असे स्टीनने त्याला सांगून टाकले. जॉनस्टन त्या दिवशी वाऱ्यासारखा खेळला, दोन गोल केले आणि सेल्टिकने ५-१ असा विजय मिळवला! एकाच्या भीतीची दुसऱ्या कुणी थट्टा केली असती. स्टीनने त्या भीतीलाच कामाला लावले.

नोव्हेंबर १९६९. दुसऱ्या फेरीत लिस्बनचा बेन्फिका. ग्लासगोत सेल्टिक ३-० ने विजयी. परतीच्या सामन्यात, पुन्हा त्याच लिस्बन शहरात, बेन्फिकाने तितकेच गोल फेडले. तिसरा तर वेळ संपता संपता. जादा वेळेतही निकाल लागला नाही. मग पंचांच्या खोलीत दोन्ही कर्णधारांना बोलावून नाणे उडवण्यात आले. मॅकनीलचा कौल बरोबर निघाला आणि सेल्टिक पुढे गेला. दोन सामन्यांतले सारे श्रम एका नाण्याच्या दोन बाजूंवर येऊन थांबले होते. विजय मिळाला, पण त्यात कुणाचा पराक्रम नव्हता. ही पद्धत पुढच्याच हंगामापासून बंद झाली आणि तिच्या जागी पेनल्टी किकांनी निकाल लावण्याची रीत आली.

त्याच मोहिमेत उपांत्य फेरीत इंग्लंडच्या लीड्स युनायटेडला सेल्टिकने दोन्ही सामन्यांत हरवले. ग्लासगोतल्या हॅम्पडन पार्कवरचा दुसरा सामना पाहायला १,३६,५०५ प्रेक्षक होते. युरोपियन चषकाच्या इतिहासात एवढी गर्दी दुसऱ्या कोणत्याही सामन्याला झालेली नाही. मिलानमधला अंतिम सामना नेदरलँड्सच्या फायनोर्ड संघाशी होता. लीड्सला हरवल्यावर आता काय उरले, अशा भावनेने सेल्टिक तिथे गेला आणि जादा वेळेत २-१ असा हरला. प्रतिस्पर्ध्याची ताकद कमी लेखल्याचा दोष या वेळी अभ्यासकांनी स्टीनलाही दिला आणि तो चुकीचा नव्हता.

१९७२ साली उपांत्य फेरीत पुन्हा इंटर मिलान. दोन सामने, साडेतीन तासांचा खेळ आणि एकही गोल नाही. आता नाणे नव्हते, पेनल्टी किका होत्या. सेल्टिकतर्फे पहिली किक डिक्सी डीन्सने घेतली आणि चेंडू खांबावरून गेला. बाकी कुणी चुकले नाही. इंटर ५-४. एका माणसाच्या एका फटक्याने युरोपची अंतिम फेरी हुकली होती आणि साऱ्या ग्लासगोला त्याचे नाव ठाऊक होते. काही आठवड्यांतच, ६ मे रोजी, स्कॉटिश चषकाचा अंतिम सामना होता. स्टीनने डीन्सला संघात ठेवले. डीन्सने त्या सामन्यात तीन गोल केले आणि सेल्टिक ६-१ असा जिंकला. लिस्बनच्या विजयाइतकाच हा निर्णय मला मोठा वाटतो. चुकलेल्या माणसाला बाद करायचे नाही, हे स्टीन खाणीत शिकला होता. बाद फेरीत संघ बाद होतो. माणूस बाद होता कामा नये.

मैदानाबाहेरही त्याने हीच वृत्ती जपली. २ जानेवारी १९७१ रोजी रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर सेल्टिकविरुद्धच्या सामन्याच्या अखेरीस जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन ६६ जण दगावले. जखमींना उचलण्यासाठी धावलेल्यांत स्टीनही होता. असल्या शोकापुढे तरी पंथाचे वैर विसरावे, असे आवाहन त्याने केले. १९७२ साली स्टर्लिंग येथे एका सामन्यात स्वतःच्याच क्लबचे काही पाठीराखे द्वेषाची गाणी म्हणू लागले, तेव्हा हा भारदस्त माणूस थेट प्रेक्षकांत शिरला आणि त्याने त्यांना फैलावर घेतले. दुसऱ्याच्या चाहत्यांना उपदेश करणे सोपे. आपल्या माणसांना थांबवायला धैर्य लागते.

१९६६ ते १९७४ अशी सलग नऊ वर्षे सेल्टिक स्कॉटलंडचा विजेता राहिला. पण १९७५ च्या उन्हाळ्यात स्टीनच्या मोटारीला भीषण अपघात झाला. तो कसाबसा वाचला आणि एक अख्खा हंगाम त्याला कामापासून दूर राहावे लागले. तो परतला, पण पूर्वीचा जोम परतला नाही. १९७८ साली क्लबने त्याला प्रशिक्षकपदावरून दूर करून व्यापारी विभागात जागा देऊ केली. ज्याने क्लबला युरोपच्या शिखरावर नेले त्याच्यासाठी हा मान होता की अवमान, हे वाचकांनीच ठरवावे. थोडे दिवस लीड्समध्ये काढून तो स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. १९८२ च्या विश्वचषकात त्याचा संघ खेळला.

१० सप्टेंबर १९८५. वेल्समधील कार्डिफ. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत स्कॉटलंडला किमान बरोबरी हवी होती. वेल्सने आधी गोल केला. शेवटची दहाएक मिनिटे उरली असताना स्कॉटलंडला पेनल्टी मिळाली आणि डेव्ही कूपरने गोल केला. सामना संपत असतानाच मैदानाच्या कडेला स्टीन कोसळला. तिथल्याच वैद्यकीय खोलीत त्याची प्राणज्योत मालवली. वय ६२. स्कॉटलंड पुढे मेक्सिकोतल्या विश्वचषकाला गेला. संघ तेव्हा स्टीनचा मदतनीस ॲलेक्स फर्ग्युसन याच्याकडे सोपवला होता. हाच फर्ग्युसन पुढे मँचेस्टर युनायटेडचा ख्यातनाम प्रशिक्षक झाला.

मित्रांनो, स्टीनने युरोपियन चषक एकदाच जिंकला. आकडे मोजणाऱ्यांना हा हिशेब लहान वाटेल. त्याच्याहून अधिक चषक जिंकलेले प्रशिक्षक पुष्कळ आहेत. पण लिस्बन शहरात तो एकदा हरला, एकदा पराक्रमाने जिंकला आणि एकदा नुसत्या नाण्याच्या कृपेने तरला. नशिबाचे हे तिन्ही रंग त्याने पाहिले आणि तरीही दार लावून बसणे हा आपला मार्ग मानला नाही. आपल्यासमोरही परीक्षा आहेत, मुलाखती आहेत, स्पर्धा आहेत. त्यातल्या अनेक बाद पद्धतीच्याच आहेत. तिथे काही जण जातील, काही राहतील. राहिलेल्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुढच्या सामन्यात पुन्हा उतरवणारा एखादा स्टीन आपल्यात असावा आणि तसा कुणी सापडला नाही तर आपणच दुसऱ्यासाठी तसे व्हावे, एवढेच मला या जीवनपटाच्या निमित्ताने सांगावेसे वाटते.